व्हेरिकोज व्हेन्सवरील बिनटाक्याचे उपचार (बेळगाव सीमाभाग)

पायांवरच्या फुगून वेड्यावाकड्या झालेल्या शिरा ओढून न काढता आतल्या आत बंद करण्याच्या पद्धती. या विकाराला परिभाषेत 'अपस्फीत नीला' म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यात हा शब्द कोणाच्या तोंडी नाही. 'शिरा वर आल्यात', 'नसा फुगल्यात' किंवा सरळ 'व्हेरिकोज' असे म्हणतात. 'नस' या शब्दाने घोटाळा मात्र होतो. बोलीत नस म्हणजे रक्तवाहिनीही आणि मज्जातंतूही. कन्नडमधल्या 'नर' या शब्दाचीही तीच गत. त्यामुळे 'डॉक्टर नस बंद करणार' हे ऐकून पाय लुळा पडेल या धास्तीने माघारी फिरणारे रुग्ण असतात. बंद होते ती फक्त बिघडलेली रक्तवाहिनी.

विकार कसा होतो

विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह (पाणी मागे फिरू न देणारी तळची झडप) गळू लागला की चढलेले पाणी पुन्हा खाली उतरते. पायातल्या नीलांमध्ये, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांमध्ये, असे फुटव्हॉल्व्ह जागोजागी असतात. अशुद्ध रक्त पावलापासून हृदयाकडे वर चढवायचे काम पोटरीचे स्नायू चालताना दाबून करतात आणि चढलेले रक्त या झडपा अडवून धरतात. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली घसरते, साचते आणि कातडीखालची शीर ताणून फुगते. घोट्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाणारी मोठी सॅफेनस शीर आणि पोटरीमागची छोटी सॅफेनस शीर या दोघींचा यात मुख्य हात असतो. ३ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद झालेल्या शिरेला व्हेरिकोज म्हणतात; त्याहून बारीक निळ्या-जांभळ्या जाळ्या दिसायला वाईट, पण बहुधा निरुपद्रवी.

आनुवंशिकता, वय, बाळंतपणे आणि वजन ही कारणे सगळीकडे सारखीच. सीमाभागात त्यांच्या जोडीला कामाची ठेवण येते. वडगाव, खासबाग, शहापूर भागातला यंत्रमागावरचा विणकर दोन मागांच्या मधल्या चिंचोळ्या बोळकांडीत पाळीभर उभा असतो. तो हलतो, पण दोन पावले इकडे, दोन पावले तिकडे. पोटरीचा पंप चालण्याइतके ते चालणे नव्हे. उद्यमबागेतल्या फौंड्रीत, हॉटेलच्या भट्टीपुढे, चौकात आणि वर्गात उभे राहणाऱ्यांचेही तेच. निपाणीच्या विडी कामगार बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसतात; तिथेही पोटरी निजलेलीच. संध्याकाळी 'पाय दुखूलालेत' म्हणून पाय उशीवर ठेवले की बरे वाटते आणि म्हणूनच दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते.

पुढचा टप्पा घोट्याच्या वर दिसतो. कातडी काळपट होते, खाजते, कडक होते. याला नायटा समजून महिनोन्‌महिने मलमे चोळली जातात. मग एखादा ओरखडा निमित्त होऊन जखम होते आणि ती भरत नाही. हळद, पाला, पावडर सगळे होऊन जाते. वरून रक्ताचा दाब तसाच पडत असतो, म्हणून जखमही तशीच राहते.

उभे करून डॉपलर

उपचार कोणता हे ठरते डॉपलर सोनोग्राफीवर, म्हणजे रक्त कुठल्या दिशेने वाहते ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर. ही तपासणी रुग्णाला उभे करून व्हायला हवी. आडवे झोपवले की रक्त खाली घसरायला उतारच उरत नाही आणि गळणारी झडपही शहाण्यासारखी वागते. तपासनीस पोटरी दाबून सोडतो. सोडल्यावर रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटे वाहिले तर झडप निकामी. दुसरा प्रश्न खोल नीलांचा. पायातले सुमारे ९० टक्के रक्त स्नायूंमधल्या खोल नीलांतून वर जाते, म्हणून वरची बिघडलेली शीर बंद केली तरी काही अडत नाही. 'शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून' या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. पण जुन्या गुठळीने खोल नीलाच तुंबली असेल तर वरची शीर हा तिचा वळणरस्ता असतो, आणि तो बंद करणे घातक ठरू शकते. डॉपलर न करता थेट 'लेसर करू' म्हणणाऱ्याकडे न गेलेले बरे.

पद्धती

जुनी शस्त्रक्रिया १८९० च्या दशकातल्या ट्रेंडेलेनबुर्ग यांच्या शीर बांधण्याच्या पद्धतीपासून आणि १९०७ मध्ये बॅबकॉक यांनी रूढ केलेल्या तार घालून शीर उपसण्याच्या तंत्रापासून आली. जांघेत चीर, कंबरेतून भूल, मांडीभर काळेनिळे वळ आणि काही आठवडे सुट्टी. रोजंदारीवरच्या माणसाला यातली सुट्टीच सर्वांत महाग पडते.

१९९९ नंतर चित्र बदलले. त्या वर्षी अमेरिकेत रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओलहरींच्या उष्णतेच्या) पद्धतीला मान्यता मिळाली, त्याच सुमारास स्पेनमध्ये बोने यांनी शिरेच्या आतून लेसर वापरून दाखवला, आणि लेसरला अमेरिकेतली मान्यता २००२ मध्ये आली. दोन्हींचे तत्त्व एकच : शिरेची भिंत आतून भाजायची, म्हणजे ती आक्रसून मिटते. गुडघ्याजवळ सुई टोचून सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बारीक नळी जांघेपर्यंत नेतात आणि खोल नीलेच्या तोंडाच्या साधारण २ सेंटिमीटर अलीकडे थांबवतात. मग शिरेभोवती भुलीच्या औषधाचे पातळ, गार सलाइन भरतात. रुग्णाला खरा त्रास होतो तो याचा. टोचण्या दहा-बारा, आणि मांडी आतून फुगल्यासारखी वाटते. पण या पाण्याच्या गादीवर सगळे अवलंबून आहे. ती बधिरता आणते, शीर नळीवर आवळून धरते आणि उष्णता कातडीपर्यंत व शेजारच्या मज्जातंतूपर्यंत पोचू देत नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीत ७ सेंटिमीटरचा तुकडा २० सेकंद १२० अंश सेल्सिअसला तापवतात, मग नळी खाली सरकवून पुढचा तुकडा. लेसरमध्ये तंतू हळूहळू मागे ओढत आणतात. हल्ली १४७० नॅनोमीटरचा, टोकाला चहूबाजूंनी प्रकाश फेकणारा तंतू पसंत केला जातो, कारण त्याने दुखणे कमी होते. काम तासाभरात उरकते. पट्टी बांधून रुग्णाला लगेच चालवतात. चालणे हा इथे उपचाराचाच भाग आहे. बंद झालेली शीर मांडीत ताठ दोरीसारखी काही आठवडे हाताला लागते, मग विरून जाते. कातडीखाली उरलेले फुगवटे २-३ मिलिमीटरच्या छेदांतून हुकने काढतात. त्याला टाका लागत नाही.

फेस भरण्याची पद्धत सर्वांत स्वस्त. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट किंवा पॉलिडोकॅनॉल हे औषध एक भाग आणि हवा चार भाग, दोन सिरिंजांमध्ये तीन तोंडांच्या चावीतून वीसेक वेळा इकडून तिकडे ढकलले की दाढीच्या साबणासारखा दाट फेस होतो. तेस्सारी यांनी २००० च्या सुमारास ही युक्ती मांडली. फेस रक्त बाजूला सारून शिरेच्या अस्तराला चिकटतो आणि अस्तर मारतो. एका बैठकीत साधारण १० मिलिलिटरच्या वर फेस देत नाहीत. तपकिरी डाग राहू शकतात, क्वचित डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि शीर पुन्हा उघडण्याचे प्रमाण भाजण्याच्या पद्धतींहून जास्त.

गोंदाची पद्धत नवी. अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झाली. सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्याच जातकुळीचा वैद्यकीय गोंद, थेंबाथेंबाने सोडून शीर वरून दाबतात. पाण्याची गादी नाही, भाजणे नाही, बहुधा नंतर पाय आवळून धरणारे दाबाचे मोजेही नाहीत. किंमत मात्र जास्त, आणि काहींना शिरेच्या वाटेवर लाल, खाजरी सूज येते.

कोणती बरी

ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शनात क्रम लावला : आधी लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, ते शक्य नसेल तर फेस, तेही नसेल तर शस्त्रक्रिया. दाबाचे मोजे एवढाच उपचार, हे तिन्ही जमत नसतील तरच. जखम झालेल्यांसाठी २०१८ चा ब्रिटिश अभ्यास महत्त्वाचा आहे. पट्टीसोबत शीर लवकर बंद केलेल्या गटात निम्म्या रुग्णांची जखम ५६ दिवसांत भरली, आधी नुसत्या पट्टीवर ठेवलेल्या गटात त्याला ८२ दिवस लागले. आधी जखम भरू दे, मग बघू, हा सल्ला त्यामुळे जुना झाला.

'विना ऑपरेशन' या पाटीवर फार विसंबू नये. खोल नीलेत गुठळी, घोट्याजवळ बधिरपणा, कातडी भाजणे हे धोके थोडे असले तरी आहेत, आणि काही दिवसांनी फेरडॉपलर करायचा असतो तो याचसाठी. काही वर्षांनी दुसरी शीर फुगू शकते, कारण माग तोच आणि उभे राहणेही तेच. २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाचे मोजे सुचवले जातात. एप्रिलमधल्या मागाच्या शेडमध्ये ते किती जण घालतात हा वेगळा प्रश्न. आयुर्वेदातल्या जळवांनी आसपासची सूज आणि ठणका कमी वाटू शकतो, पण गळकी झडप त्याने दुरुस्त होत नाही.

फुगलेली शीर फुटून रक्ताची चिळकांडी उडाली तर रुग्णाला आडवे करून पाय वर उचलावा आणि तिथेच स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे. वर मांडीला दोरी आवळण्याची सवय इथे उलटी पडते. वरची वाट बंद झाली की रक्त आणखी वाहते.

सीमाभागातली सोय

हे उपचार बेळगाव आणि हुबळीबरोबरच कोल्हापूर, मिरजेतही होतात. निपाणीच्या रुग्णाला कोल्हापूर आणि कागवाडच्या रुग्णाला मिरज जवळ. तिथे बोलणेही मराठीत होते. अडचण कागदांची. सरकारी आरोग्य योजना राज्याराज्याच्या असतात आणि कर्नाटकातले रेशनकार्ड मिरजेत चालतेच असे नाही. महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२३ मध्ये ८६५ सीमागावांना लागू करायचे ठरवले, त्याला कर्नाटकाने हरकत घेतली. खासगी विम्यात या विकारासाठी बहुधा दोन वर्षांची प्रतीक्षा असते. रुग्णालयात जाण्याआधी कोणते कार्ड तिथे चालते आणि यंत्राच्या एकदाच वापरायच्या नळीचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का, हे दोन प्रश्न विचारून घेतलेले बरे. बिलात सर्वांत जड आकडा बऱ्याचदा त्या नळीचाच असतो.