व्हीओआयपी गेटवे : कॉल हाताळणीची जुळणी

साध्या दूरध्वनीची तार आणि इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणारे (व्हीओआयपी, म्हणजे इंटरनेटवरून आवाज वाहणारे) जाळे यांच्यामध्ये बसवलेल्या उपकरणाला, म्हणजे गेटवेला, कॉल कसा ओळखायचा, कोठे पाठवायचा आणि केव्हा तोडायचा हे ठरवून देण्याची क्रिया. या उपकरणाच्या एफएक्सएस पोर्टाला टेलिफोन संच जोडतात आणि एफएक्सओ पोर्टाला एक्सचेंजकडून आलेली लाइन. पहिले पोर्ट एक्सचेंजची भूमिका घेऊन डायल टोन देते, घंटी वाजवते. दुसरे स्वतःच टेलिफोन संचासारखे वागते. जुळणीतल्या बहुतेक अडचणी या दुसऱ्या पोर्टाच्या असतात.

इंटरनेटवरील संभाषणाचा आरंभ पुष्कळदा व्होकलटेक या इस्राएली कंपनीच्या १९९५मधील प्रणालीपासून धरला जातो. तथापि आवाजाची पाकिटे (माहितीचे छोटे तुकडे) इंटरनेटच्या पूर्वसुरी अर्पानेट या जाळ्यावर १९७४च्या सुमारासच धाडली गेली होती. गेटवेचा इतिहास याहून वेगळा धरावा लागतो. इंटरनेटसारख्या जाळ्यांवरील संभाषणाच्या एच.३२३ या मानकाने १९९६मध्ये गेटवे हा स्वतंत्र घटक म्हणून मांडला. या नोंदीपुरता तोच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे एसआयपी (१९९९, सुधारित २००२) हा संकेतनाचा (कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांचा) नियमसंच रूढ झाला आणि आज जुळणी मुख्यतः त्याच्याच परिभाषेत केली जाते.

कॉल संपल्याची ओळख : लाइनवरच्या माणसाने फोन ठेवला, हे एफएक्सओ पोर्टाला आपोआप कळत नाही. एक्सचेंजने तारेची ध्रुवता उलटवली किंवा प्रवाह क्षणभर खंडित केला, तर तो खात्रीचा इशारा असतो. एसटीडी बूथांतील बिलाची यंत्रे या ध्रुवताबदलावर किंवा १६ किलोहर्ट्झच्या मीटर-स्पंदांवर चालत. अशी सोय लाइनवर नसेल, तर एंगेज टोन ऐकून निर्णय घ्यावा लागतो, आणि तो टोन देशागणिक बदलतो. भारतात तो ४०० हर्ट्झचा असून ०·७५ सेकंद वाजतो व तितकाच वेळ थांबतो. अमेरिकेत ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद. अमेरिकी मूल्यांवर ठेवलेले गेटवे भारतीय लाइनला लावले की पलीकडून फोन ठेवल्यावरही पोर्ट तो टोन ऐकत बसते. लाइन अडकते आणि बाहेरून फोन करणाऱ्याला ती कायम एंगेज लागते. म्हणून देशाचे टोन निवडणे हे जुळणीतले पहिले काम मानावे. शक्य असेल तेथे ध्रुवताबदलाची सोय लाइनवर मागून घेणे हा टोन ओळखण्यापेक्षा निर्धोक मार्ग होय.

डायल प्लॅन : दाबलेल्या आकड्यांवरून नंबर पूर्ण झाला की नाही, हे गेटवे आकृतिबंधांशी ताडून ठरवते. एमजीसीपी या गेटवे-नियंत्रणाच्या नियमसंचाच्या २००३मधील आवृत्तीत, आणखी आकडे येणे आवश्यक असल्यास १६ सेकंद आणि नंबर पूर्ण झालेला असण्याचा संभव असल्यास ४ सेकंद, अशी प्रतीक्षा सुचवली आहे. नियम बदलले की आकृतिबंधही बदलावे लागतात. १५ जानेवारी २०२१पासून भारतात लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले; दहा आकड्यांवर कॉल सोडणारी जुनी जुळणी त्या दिवसापासून निरुपयोगी ठरली.

येथे एका बाबीकडे फार दुर्लक्ष होते. कार्यालयातील एक्स्टेंशन १०० ते १९९ अशी दिली, तर १०१ दाबल्यावर अग्निशमन दलाऐवजी स्वागतकक्षात घंटी वाजते. १०८ आणि ११२ यांचीही तीच गत. एक्स्टेंशन २ किंवा त्यापुढील आकड्याने सुरू करावीत, तर शहरातील स्थानिक नंबरांशी गोंधळ होतो. तो टाळण्यासाठी बाहेरच्या कॉलला शून्य किंवा ९ हा उपसर्ग देतात. उपसर्ग ठेवला तरी आणीबाणीचे नंबर उपसर्गाशिवायही, आणि प्रतीक्षेविना, थेट लाइनवर सोडले पाहिजेत. घाबरलेल्या माणसाला उपसर्ग आठवत नाही.

कोडेक (आवाजाचे अंकीय रूपांतर करण्याची पद्धत) : जी.७११ला ६४ आणि जी.७२९ला ८ किलोबिट प्रतिसेकंद लागतात. २० मिलिसेकंदांचे पाकीट धरल्यास शीर्षकांसह (पाकिटाला जोडलेली पत्ता इत्यादी माहिती) हे आकडे अनुक्रमे ८० आणि २४ होतात. फॅक्ससाठी टी.३८ हे मानक वापरतात.

भारतात इंटरनेट दूरध्वनीला १ एप्रिल २००२पासून मर्यादित परवानगी मिळाली आणि २०१८मध्ये परवान्याच्या अटी सैल झाल्या.