एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा कसा लावायचा?
(आमच्याकडून लग्नाचे, उद्घाटनाचे व मंडळाचे व्हिडिओ करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

रिसेप्शनच्या संध्याकाळी गंगापूर रोडच्या लॉन्सवरून फोन येतो, "व्हिडिओ एकदा लागला आणि बंद पडला." गणपतीत मंडळांचे, एरवी दवाखाने आणि दुकानांचेही असेच फोन येतात. व्हिडिओ बिघडलेला नसतो, रिपीट लावायचं राहिलेलं असतं.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावून व्हिडिओ सुरू करा आणि तो चालू असतानाच रिमोटवरून मेनू उघडा. रिपीटच्या खुणेत दोन बाण गोल फिरताना दिसतात. बाणांजवळ छोटा १ असेल, तर तोच व्हिडिओ परत लागतो. १ नसेल, तर फोल्डरमधले सगळे व्हिडिओ ओळीने लागतात. काही टीव्हींत फक्त हा सगळे व्हिडिओ लावणारा पर्याय असतो. तिथे वेगळ्या फोल्डरमध्ये हा एकच व्हिडिओ ठेवा, काम होतं. लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्येही हीच खूण आहे.

यूट्यूबवर चालवणार असाल, तर मोबाइलमध्ये व्हिडिओवरच्या चक्राच्या खुणेत जाऊन 'लूप' चालू करा. कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक केलं की तोच पर्याय मिळतो. ऑटोप्ले म्हणजे रिपीट नव्हे. ऑटोप्लेने पुढचा, भलताच व्हिडिओ सुरू होतो. शिवाय मध्ये जाहिरात येऊ शकते, म्हणून कार्यक्रमात पेनड्राइव्हच वापरा असं आम्ही आग्रहाने सांगतो.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. "पाच मिनिटांचा व्हिडिओ बारा वेळा जोडून तासाभराचा करून द्या," असं बरेच जण म्हणतात. काही जण घरी मोबाइलवर तसा जोडूनही आणतात. कृपया हे करू नका. चांगल्या फुल एचडी व्हिडिओला सेकंदाला १० मेगाबिट धरले, तर एका मिनिटाचे ७५ एमबी होतात आणि तासाचे साडेचार जीबी. बरेच पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असो, रिकामा असो, फाइल कॉपी होत नाही. मग फॉरमॅट बदलायची धावपळ होते आणि बदललेला फॉरमॅट जुना टीव्ही वाचेलच असं नाही. फाइल लहान करायला क्वालिटी उतरवली, तर नवरीच्या पैठणीची जर आणि काठावरचे मोर धूसर दिसतात. ज्या कामासाठी तुम्ही पैसे मोजले, तेच दिसत नाही.

म्हणून आम्ही मूळ व्हिडिओ एकदाच देतो. यात काम वाचवायचा हेतू नाही. शेवट हळूहळू काळा करून सुरुवातही तशीच उजळत आणतो, त्यामुळे परत लागताना मध्ये येणारा क्षणभराचा काळा पडदा खटकत नाही. शेवट-सुरुवातीची ही जोडणी प्रत्येक ऑर्डरमध्ये धरलेली असते, तिचे वेगळे पैसे नाहीत.

व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ मात्र मोठ्या पडद्यावर लावू नका, तो दाबून लहान झालेला असतो. पाठवायचाच असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दिवसभर चालवायचा असेल, तर टीव्हीची आपोआप बंद होण्याची सेटिंग आधी काढून ठेवा. बऱ्याच टीव्हींत रिमोटला काही तास हात लागला नाही, की टीव्ही स्वतःच बंद होतो.

पेनड्राइव्ह न्यायला याल तेव्हा टीव्हीच्या रिमोटचा आणि मागच्या मॉडेल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये आणा. कोणतं बटण दाबायचं ते दुकानातच दाखवू. हॉलवर टीव्ही आणि माणूस दोन्ही हवे असतील, तर तेही भाड्याने मिळतात. लग्नसराईत मात्र तारीख आधी कळवा.