स्वयंचलित सुरक्षा खटका (एअर रायफल)

एअर रायफलची स्प्रिंग ताणली जात असतानाच आपोआप लागणारा आणि प्रत्येक बार काढण्यापूर्वी हाताने सोडावा लागणारा खटका. बोलण्यात त्याला ‘ऑटो सेफ्टी’ म्हणतात. वापरणाऱ्याने स्वतः लावायचा तो हस्तचलित खटका. स्पेनच्या गॅमो कंपनीच्या रायफलींत चापाभोवतीच्या कड्याच्या आत असणारी लहान जीभ हे हस्तचलित खटक्याचे परिचित उदाहरण होय.

स्प्रिंगच्या रायफलीत दट्ट्या मागे ढकलून स्प्रिंग दाबली जाते आणि चापाच्या यंत्रणेतील एक आकडा दट्ट्याला मागेच अडवून धरतो. ब्रेक बॅरल प्रकारात नळी खाली मोडूनच हे काम होते. अंडरलिव्हर व साइडलिव्हर प्रकारांत त्यासाठी वेगळा दांडा असतो. छर्रा भरताना बोटे नळीच्या मागच्या तोंडाशी असतात, आणि त्या वेळी पूर्ण दाबलेली स्प्रिंग केवळ त्या आकड्यावर थोपलेली असते. चाप चुकून ओढला गेला तर मोडलेली नळी झटक्याने वर येते. त्यात नळी वाकते, दस्त्याचे लाकूड तडकते, क्वचित बोटेही सापडतात. सरकत्या सिलिंडरच्या अंडरलिव्हर रायफलींत धोका याहून मोठा, कारण तिथे बोटाचे टोक सिलिंडरच्या वाटेतच जाते.

येथे दोन वेगळ्या यंत्रणांची नेहमी गल्लत होते. नळी किंवा दांडा जागेवर परत येईपर्यंत चाप निकामी ठेवणारी किंवा दातेरी पट्टीने दांडा वाटेतच अडवणारी जी योजना असते, तिला इंग्रजी नेमबाज ‘अँटी बेअरट्रॅप’ म्हणतात. छर्रा भरताना बोटे वाचवते ती प्रामुख्याने हीच. सुरक्षा खटक्याचे काम त्यानंतरचे आहे : भरलेली रायफल खांद्याला लावेपर्यंत चाप अडवणे. ब्रिटनच्या एअर आर्म्स कंपनीच्या टीएक्स २०० या अंडरलिव्हर रायफलीत दोन्ही आहेत. जर्मनीच्या वायराउख कंपनीच्या एचडब्ल्यू ८० या ब्रेक बॅरल रायफलीत मात्र केवळ स्वयंचलित खटका आहे. शिवाय बहुतेक रचनांत खटका चापाला अडवतो, दट्ट्याला नव्हे. आकडा झिजला असेल किंवा रायफल जोरात आपटली तर खटका लागलेला असूनही बार होऊ शकतो.

उगम : त्याची संगती दोन तऱ्हांनी लावता येते. पहिली वाट दुनळी बंदुकीकडे जाते. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातील अ‍ॅन्सन व डीली यांनी १८७५ मध्ये बाहेरचे हातोडे काढून टाकलेली आणि नळ्या मोडताच आतले हातोडे ताणले जाणारी रचना पेटंट केली. बंदूक ताणलेली आहे की नाही हे बाहेरून दिसेनासे झाले, म्हणून बंदूक उघडली की खटका आपोआप मागे सरकावा अशी जोडणी इंग्लिश दुनळ्यांत पुढे रूढ झाली. हत्ती-गव्यासारख्या जनावरांसाठी बनणाऱ्या दुनळी रायफलींत मात्र खटका हस्तचलितच ठेवण्याचा प्रघात होता. अंगावर येणाऱ्या जनावरासमोर दुसऱ्यांदा काडतुसे भरल्यावर खटका सोडायचे विसरणे परवडणारे नव्हते. एअर रायफलच्या खटक्याबद्दल आज होणाऱ्या, पुढे दिलेल्या तक्रारींचे मूळ स्वरूप तिथे स्पष्ट दिसते.

परंतु या वाटेने एअर रायफलपर्यंत पोचताना मध्ये मोठी पोकळी राहते. लिंकन जेफ्रीज यांच्या पेटंटांवर आधारलेल्या आणि १९०५ च्या सुमारास बाजारात आलेल्या बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स (बी.एस.ए.) कंपनीच्या अंडरलिव्हर रायफलींना सुरक्षा खटका नव्हता. त्या काळच्या इतर बहुतेक छर्‍याच्या बंदुकांचेही तेच. दुसऱ्या मांडणीनुसार हा खटका जर्मन चापरचनेतूनच वाढला. वायराउख ही १८९९ मध्ये त्सेला-मेलिस येथे सुरू झालेली कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर बव्हेरियातील मेलरिखश्टाट येथे नव्याने उभी राहिली. साधारणपणे १९५० च्या दशकात एचडब्ल्यू ३५ या रायफलीबरोबर तिचा ‘रेकॉर्ड’ चाप प्रसिद्धीस आला. त्यात दट्ट्या आकड्यात अडकताना चापाचे भाग सरकतात आणि रायफलीच्या मागच्या टोकाला आडवी बसवलेली, स्प्रिंगने रेटलेली लहान खुंटी डाव्या बाजूने बाहेर येते. ती अंगठ्याने आत दाबली की चाप मोकळा होतो. दुनळीत उघडण्याची तरफ खटका ओढते. येथे दट्ट्या अडकणे आणि खटका लागणे ही एकाच हालचालीची दोन टोके आहेत. यंत्राच्या दृष्टीने ही वेगळी कुळी असल्यामुळे दुसरी मांडणी अधिक ग्राह्य वाटते.

गैरसोय : सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे नेम स्थिर झाला, श्वास रोखला, चाप ओढला आणि काहीच झाले नाही. दुसरी तक्रार आवाजाची. खुंटी आत जाताना होणारी ‘टिक्’ सशा-कबुतरांना सावध करते, असे ब्रिटनमधले शिकारी सांगतात. डावखुऱ्यांना डाव्या बाजूची खुंटी अडचणीची पडते. पण खरी अडचण आपोआप लागण्यात नसून एकाच दिशेने चालण्यात आहे. रेकॉर्ड चापाची खुंटी एकदा दाबली की पुन्हा लावण्यासाठी नळी किंवा दांडा परत ओढावा लागतो. बार न काढता थांबायचे ठरले, तर हातात भरलेली आणि खटका सुटलेली रायफल उरते. ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास सुरू झालेल्या फील्ड टार्गेट, म्हणजे मोकळ्या रानात मांडलेली लक्ष्ये टिपण्याच्या, स्पर्धांत, शिटी होऊन गोळीबार मध्येच थांबतो तेव्हा, हा दोष विशेष जाणवतो. मागेपुढे कितीही वेळा सरकवता येणारा स्वयंचलित खटका हा त्यावरचा सरळ उपाय असून काही उत्पादकांनी तो स्वीकारला आहे.

अनुभवी नेमबाज खटक्याशी जुळवून घेतात ते सवयीने. रायफल खांद्याला टेकून गाल दस्त्यावर बसला की अंगठा खुंटीवर जातो, खुंटी दाबली की तो दस्त्याला वळसा घालतो आणि मगच बोट चापावर येते. क्रम पक्का झाला की खटका वेगळा जाणवत नाही. आवाज नको असल्यास खुंटी अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून हळू आत सोडतात. बार न काढता स्प्रिंग उतरवायची, तर नळी घट्ट धरून, खटका सोडून, चाप ओढून ती सावकाश वर आणावी लागते. हात सुटला तर वर सांगितलेलाच अपघात ओढवतो, म्हणून छर्रा सुरक्षित मातीच्या बांधात मारून टाकणे बरे. जिथे अँटी बेअरट्रॅप आहे तिथे नळी अशी उतरवता येतेच असे नाही.

खुंटी काढून टाकणे किंवा कायमची दाबून ठेवणे हा मार्गही काहीजण पत्करतात. तो समर्थनीय नाही. चापाचा संच प्रमुख स्प्रिंगच्या ताणाखाली बसलेला असतो. तो उघडणे धोक्याचे, वॉरंटी जाते, आणि तीच रायफल पुढे दुसऱ्याच्या हाती गेली की त्याला खटका आहे असेच वाटते.

दहा मीटरच्या स्पर्धेतील रायफलींत, म्हणजे ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये विश्वविजेतेपद मिळवलेल्या प्रकारात, स्प्रिंग आता उरलेली नाही. तिथे दाबयुक्त हवेची नळकांडी असते आणि स्वयंचलित खटक्याची प्रथा नाही. नळीत छर्रा नाही हे दाखवण्यासाठी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार भडक रंगाची सुरक्षा दोरी किंवा ध्वज घालतात. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याची मर्यादा ०.१७७ इंच व्यास आणि २० ज्यूल ऊर्जा यांवर ठरवली आहे. जर्मनीत विनापरवाना मर्यादा ७.५ ज्यूल आहे. ही ऊर्जा नळीच्या पुढच्या तोंडाशी, सुटलेल्या छर्‍याची मोजतात. भरणाऱ्याच्या बोटांवर येणारा नळीचा झटका त्या मापात येत नाही.