धुराचा गुणाकार

कारखान्याचा धूर कायद्याच्या मर्यादेत असतो. शेजारच्या रिफायनरीचाही असतो, पलीकडच्या महामार्गावरच्या ट्रकांचाही. परवाना देणारे अधिकारी प्रत्येकाचा कागद वेगळा तपासतात आणि सगळे पास होतात. मधल्या वस्तीतल्या मुलाची फुप्फुसं मात्र ती हवा एकत्रच ओढतात.

कॅलिफोर्नियाच्या पर्यावरण खात्याला ‘पर्यावरणीय न्याया’बद्दल (म्हणजे प्रदूषणाचा भार गरीब, दुर्बळ वस्त्यांवरच पडू नये याबद्दल) सल्ला देणाऱ्या समितीने २००३ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं: वस्तीवर पडणारा एकत्रित भार विचारात घ्या. सल्लाच तो, बंधनकारक थोडाच! प्रत्यक्ष मोजपट्टी यायला २०१३ उजाडलं. तिचं नाव ‘कॅलएन्व्हायरोस्क्रीन’.

राज्यातल्या सुमारे ८,००० जनगणना-विभागांना ती दोन बाबतींत, प्रत्येकी दहापैकी गुण देते. एक प्रदूषणाची: डिझेलचा धूर, ओझोन, कीटकनाशकं, दूषित पाणी. दुसरी माणसांच्या परिस्थितीची: दम्यामुळे रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात धाव घेणारे किती, कमी वजनाची बाळं किती, गरिबी, बेकारी. गुण जितके जास्त, तितकी स्थिती वाईट. मग या दोन आकड्यांचा गुणाकार होतो. प्रदूषण ९, पण लोक सुस्थितीतले, म्हणून त्यांचे गुण ३, उत्तर २७. प्रदूषण ६च, पण लोकांचे गुण ९, उत्तर ५४. नुसती बेरीज केली असती तर १२ आणि १५, म्हणजे फरक जेमतेम. तोच धूर आधीच दमेकरी असलेल्या, औषधपाणी न परवडणाऱ्या माणसाला कितीतरी जास्त बाधतो, म्हणून हा गुणाकार. (रुग्णालयापर्यंत न पोचणाऱ्यांचा दमा मात्र या हिशेबातूनही निसटतो.)

या गुणांना पैसा जोडलेला आहे. २०१२ च्या कायद्याने कार्बन-परवान्यांच्या (ठरावीक कार्बन हवेत सोडण्याची मुभा देणाऱ्या परवान्यांच्या) लिलावातून येणाऱ्या निधीचा किमान २५ टक्के वाटा सर्वाधिक भार सोसणाऱ्या वस्त्यांच्या भल्यासाठी राखला.

गंमत अशी, की अशा परवान्यांच्या खरेदी-विक्रीच्या या कार्बन-बाजारालाच २००६ च्या हवामान कायद्याखाली नेमलेल्या दुसऱ्या सल्लागार समितीचा विरोध होता. कार्बन डायऑक्साइड कुठेही घटला तरी पृथ्वीला सारखंच. पण त्याच धुराड्यातून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचा त्रास आधी शेजाऱ्यांना होतो. रिफायनरीने परवाने विकत घेऊन धूर तसाच चालू ठेवला, तर शेजाऱ्यांच्या पदरात काय पडलं? मुद्दा शास्त्राला धरून होता. बाजार तरीही आला.

अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्याने २०२० मध्ये सल्ल्यापुरतं न थांबता कायदाच केला. आधीच बोजाखाली असलेल्या वस्तीत नवी कचराभट्टी आणायची असेल, तर एकत्रित भार तपासावा लागतो. तो इतर भागांपेक्षा जास्त भरला आणि त्याच वस्तीची तशीच निकडीची गरज नसली, तर परवाना नाकारणं खात्यावर बंधनकारक आहे.