वैनगंगेकाठचा मोगली

रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईतला, वडील जे. जे. कला विद्यालयात शिकवायचे. लांडग्यांनी वाढवलेल्या मोगलीच्या कथा मात्र त्याने अमेरिकेत, व्हर्मांटमध्ये राहून लिहिल्या. ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये आलं, दुसरा भाग पुढच्याच वर्षी. कथेतलं मध्य प्रदेशातल्या सिवनीचं रान त्याने पाहिलेलं नव्हतं. स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखनाचा त्याला आधार होता. तिथली वैनगंगा पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते.

पुस्तकातला शेरखान जन्माचा लंगडा. त्याला मारायला मोगली गावच्या म्हशींचे दोन कळप करतो, नदीच्या घळीत दोन्हीकडून हाकतो आणि वाघ खुरांखाली चिरडला जातो. गुराख्याची ही खास युक्ती. तरीही गावकरी त्याला चेटक्या ठरवून दगड मारतात. लांडग्यांच्या टोळीने तर आधीच हाकललेलं असतं. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही, असा हा पोरका पोरगा म्हणजेच मूळ कथेचा प्राण आहे.

डिस्नेच्या १९६७ च्या कार्टूनपटात नेमकं हेच गळालं. बिल पीट यांनी लिहिलेली पहिली पटकथा गंभीर होती. वॉल्ट डिस्नेंना ती रुचली नाही आणि पीट बाहेर पडले. मग बालू अस्वलाचा शिस्तीचा बडगा गेला, तो नाचरा झाला. सगळ्यात मोठा अन्याय ‘का’ अजगरावर झाला. पुस्तकात तो माकडांना भुलवून मोगलीला सोडवतो. इथे त्याच मोहिनीने मोगलीलाच गिळायला बघतो. पुस्तकातल्या माकडांना राजा नाही, हीच त्यांची खोट. पडद्यावर त्यांना लुई मिळाला, तोही भारतात न आढळणारा ओरांगउटान. शेरखान तर शेपटीला पेटती फांदी बांधल्यावर पळूनच जातो.

आपल्याकडे १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेली मालिका मूळची जपानी. गुलजारांचं शीर्षकगीत आणि शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज, त्यामुळे ती घरचीच वाटली.

जॉन फॅवरोच्या २०१६ च्या चित्रपटात दुष्काळातला पाणवठ्यावरचा तह आणि लांडग्यांचा कायदा परतला, शेरखान मात्र आगीत पडून मरतो. अँडी सर्किसच्या २०१८ च्या ‘मोगली’त गाव आलं, वाघ पुन्हा लंगडा झाला, ‘का’लाही पूर्वीचा दरारा मिळाला. पण शेवटच्या झुंजीत मदतीला हत्ती येतात. म्हशींची ती घळ तिथेही नाही.