अडीच मीटरांची आडमुठी गाडी

ड्रॅग शर्यतीत वळण नसतं. दोन गाड्या, पाव मैलाचा म्हणजे 402 मीटरांचा सरळ रस्ता, आधी पोचेल ती जिंकली. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरची शर्यत ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे ठाऊक आहेच. पण 1960च्या दशकात कॅलिफोर्नियात गाड्यांची अशी एक जात धावत होती, की जिला नेमकं सरळ जाणंच जमत नसे. निघताना ती एका कडेला असे, मध्येच दुसऱ्या कडेला आणि शेवटची रेषा ओलांडताना बऱ्याचदा तिरकी.

शर्यतीच्या वर्गवारीत या जातीचं नाव 'एए/एफए', म्हणजे फ्युएल ऑल्टर्ड. इंजिनावर सुपरचार्जर, म्हणजे सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा पंप, आणि टाकीत पेट्रोलऐवजी नायट्रोमिथेन. लोकांनी त्या दोन 'ए'चा अर्थ लावला 'ऑफुल-ऑफुल', भयंकराहून भयंकर. या गाड्यांविषयी बोलताना बहुतेक जण ड्रायव्हरच्या धाडसापाशीच थांबतात. धाडस तर होतंच. पण गाडी अशी का वागायची याचं उत्तर नियमपुस्तकातल्या दोन-तीन आकड्यांत आहे.

ऑल्टर्ड म्हणजे फेरफार केलेली. सांगाडा हवा तसा बनवा, पण वरची बॉडी मात्र रस्त्यावर विकल्या गेलेल्या गाडीची हवी, असा नियम. मग बनवणाऱ्यांनी सर्वांत लहान आणि हलक्या बॉड्या शोधल्या: 1920च्या दशकातली फोर्ड मॉडेल टी, अमेरिकन बँटम आणि इटलीची फियाट टोपोलिनो. बँटम ही पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची कंपनी, 1940मध्ये पहिली जीप बनवून दाखवणारी. टोपोलिनो म्हणजे इटालियनमध्ये छोटा उंदीर. याच फियाट 500 घराण्यातली गाडी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत प्रीमियरनेही जोडली होती. बॉडी एवढीशी, म्हणून दोन आसांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेसही आखूड: बऱ्याच गाड्यांत 90 ते 100 इंच, धरून चाला अडीच मीटरांच्या आसपास. आपली वॅगन-आर साधारण तेवढीच आहे. 1960च्या दशकाच्या अखेरीचे, खास याच शर्यतीसाठी बनवलेले लांबलचक ड्रॅगस्टर मात्र पाच मीटरांपर्यंत गेले होते.

दुसरा आकडा इंजिनाच्या जागेचा. पुढच्या आसापासून इंजिनाच्या पहिल्या स्पार्क प्लगपर्यंतचं अंतर व्हीलबेसच्या किती टक्के असावं, हे ठरलेलं होतं. 'गॅस', म्हणजे पेट्रोलवर धावणाऱ्या वर्गाला 10 टक्के, ऑल्टर्डला 25. 96 इंचांच्या गाडीत 25 टक्के म्हणजे 24 इंच, 61 सेंटिमीटर. एवढं मोठं व्ही-8 इंजिन त्याहून मागे नेता येत नाही आणि त्याच्यामागे क्लच, मागचा आस व ड्रायव्हर बसवायचा. ड्रायव्हर जवळजवळ मागच्या आसावरच बसतो. जागा पुरत नाही म्हणून सगळं वर सरकतं आणि गुरुत्वमध्य उंच जातो.

आता गणित करू. गाडी पुढे झेपावते तेव्हा पुढच्या चाकांवरचा भार मागे सरकतो. किती, तर वस्तुमान गुणिले त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. 900 किलोची गाडी, दीड जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट त्वरण, उंची अर्धा मीटर आणि व्हीलबेस 2.4 मीटर धरला तर सुमारे 280 किलो भार मागे जातो. तेवढ्याच वजनाचा ड्रॅगस्टर घ्या, उंची 35 सेंटिमीटर, व्हीलबेस पाच मीटर: भार सरकतो जेमतेम 95 किलो. ऑल्टर्डला म्हणूनच सुटताना मागे पकड भरपूर मिळते, आणि त्याच वेळी सुकाणू ज्यांच्या हाती ती पुढची चाकं रस्त्याला नावापुरतीच टेकलेली असतात. फायदा आणि तोटा एकाच समीकरणातून येतात. एक ठेवून दुसरा काढता येत नाही.

मागची चाकं एकाच घट्ट आसावर बसवलेली असतात, म्हणजे दोन्हींचे फेरे सारखे. रस्त्यावरच्या गाडीत डिफरेन्शियल नावाची गिअरची जोडणी दोन चाकांच्या वेगातला फरक सांभाळून घेते, इथे ती सोय नाही. म्हणून टायरचा घेर मोजणं हे पहिलं काम. स्लिक, म्हणजे बिनखाचांचे टायर शर्यतीत वापरतात त्याच हवेच्या दाबावर फुगवायचे, टेप गुंडाळायची आणि दोन्ही आकडे लिहून ठेवायचे. घेर तीन मीटर आणि दोन टायरांत फक्त एक सेंटिमीटरचा फरक असेल, तर 1.2 मीटर रुंदीच्या आसावर गाडी 360 मीटर त्रिज्येचं वळण घेऊ पाहते. पहिल्या 20 मीटरांतच ती अर्ध्या मीटरहून जास्त बाजूला सरकेल. लांब ड्रॅगस्टरमध्ये ड्रायव्हरला हे सावरायला वेळ मिळतो. आखूड गाडी स्वतःभोवती फार चटकन फिरते, तेवढा वेळ देत नाही.

त्यात चाकं फिरत असतात ती घसरत. टायरची पकड एकच असते, ती पुढे ढकलायला वापरली की आडव्या दिशेला थोडीच उरते. खरा धोका मात्र पाय उचलताना. गाडी तिरकी झाली, ड्रायव्हरने उलट सुकाणू दिलं आणि घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की घसरणं थांबून टायर अचानक पकडतात. गाडी मग ज्या दिशेला तोंड असेल तिकडे उडी घेते. म्हणून यातले जाणते ड्रायव्हर पाय पूर्ण काढत नसत. थोडा सैल करून पुन्हा दाबत.

आता टाकीतलं इंधन. नायट्रोमिथेनच्या रेणूत वजनाने 52 टक्के ऑक्सिजनच असतो, म्हणून जळायला बाहेरची हवा थोडी लागते. एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा, तर एक किलो नायट्रोमिथेनला फक्त 1.7. किलोमागे ऊर्जा पाहिली तर नायट्रो कमकुवत आहे: पेट्रोल 44 मेगाज्यूल, नायट्रो 11.3. पण इंजिनाची मर्यादा इंधनाची नसते, हवेची असते. एक किलो हवेबरोबर पेट्रोल 68 ग्रॅमच जळतं आणि 3 मेगाज्यूल देतं. तेवढ्याच हवेत नायट्रो 590 ग्रॅम जळतं आणि 6.6 मेगाज्यूल देतं. दुपटीहून जास्त ताकद, तेही इंजिन न वाढवता. शिवाय एवढं द्रव बाष्प होताना सिलिंडर थंडावतो, म्हणून रेडिएटर न लावताही आठेक सेकंद निभावतात.

हे द्रव सरळ स्वभावाचं नाही. 1958 साली अमेरिकेत नायट्रोमिथेन भरलेल्या रेल्वे टँकरांचे दोन मोठे स्फोट झाले, त्यानंतर ते पिंपांतून जाऊ लागलं. शर्यतीची मोठी संघटना एनएचआरए हिने तर 1957पासून 1963पर्यंत नायट्रोवर बंदीच घातली होती. काही जण त्यात हायड्राझीन हे रॉकेटचं इंधनही घालत, आणि त्या मिश्रणातून धक्क्याने फुटणारा क्षार बनतो. हे धाडस नव्हे, शुद्ध अडाणीपणा होता.

नायट्रो सहसा मिथेनॉलमध्ये मिसळून वापरतात, आणि प्रमाण हायड्रोमीटरने मोजतात. नायट्रोची घनता 1.14, मिथेनॉलची 0.79. आकारमानाने 80 टक्के नायट्रो असेल तर मिश्रण 1.07 दाखवतं, 90 टक्क्यांना 1.105. चूक होते ती तापमानाची. पिंप उन्हात राहून दहा अंशांनी तापलं, की घनता उतरते आणि नायट्रो तीन-चार टक्क्यांनी कमी भासतं. मग कोणीतरी अजून नायट्रो ओततो आणि पुढच्याच धावेत पिस्टनला भोक पडतं.

इंधन देणारी यंत्रणा पूर्ण यांत्रिक होती. पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतो, इंजिन दुप्पट फिरलं की इंधन दुप्पट. नको असलेलं इंधन एका परतीच्या नळीतून टाकीत जातं आणि त्या नळीत छिद्र पाडलेली एक छोटी चकती असते, जेट. नवखे इथे हमखास फसतात. कार्ब्युरेटरमध्ये मोठा जेट म्हणजे जास्त इंधन. इथे जेट परतीच्या वाटेवर आहे, म्हणून मोठा जेट म्हणजे इंजिनाला कमी इंधन. 'रिच' (हवेच्या मानाने इंधन जास्त) करायला जाऊन लीन (इंधन कमी) केलेलं इंजिन नायट्रोवर दुसरी संधी देत नाही.

रिच मिश्रण जळायला वेळ घेतं, म्हणून ठिणगी पेट्रोलपेक्षा आधी, पिस्टन वर पोचण्याच्या 40 अंश किंवा त्याहूनही आधी द्यावी लागते. त्यासाठी बॅटरी नाही, मॅग्नेटो, म्हणजे फिरताना स्वतःच ठिणगीची वीज बनवणारं यंत्र. उरलेलं इंधन एक्झॉस्टच्या नळ्यांबाहेर येऊन हवेत पेटतं. रात्रीच्या शर्यतीत दिसणाऱ्या त्या पिवळ्या-पांढऱ्या ज्वाळा याच. एखाद्या नळीतून ज्वाळेऐवजी पांढरं धुकं येऊ लागलं तर तो सिलिंडर मेला, असं समजायचं. पेट्रोलवर मेलेला सिलिंडर म्हणजे फक्त ताकद कमी. नायट्रोवर त्यात द्रव साठत जातं, द्रव दाबलं जात नाही, आणि वर येणाऱ्या पिस्टनला जागा उरली नाही की कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा हेडच उचललं जातं.

इंजिन बहुधा क्रायस्लरचं हेमी: आधी 392 घन इंची, 1964नंतर 426 घन इंची, म्हणजे 6.4 आणि 7 लिटर. त्यावर बसणारा ब्लोअर, म्हणजे तोच सुपरचार्जर, मुळात शर्यतीसाठी बनलेलाच नव्हता. '6-71' हे नाव जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचं, सहा सिलिंडर आणि प्रत्येक 71 घन इंच. ट्रक आणि बोटींच्या या इंजिनावरचा ब्लोअर भंगारात स्वस्त मिळे. तो क्रँकवरून दातेरी पट्ट्याने फिरतो. खालच्या पुलीला 46 दाते आणि वरच्या पुलीला 40 असतील तर ब्लोअर इंजिनापेक्षा 15 टक्के जोरात फिरतो. एखादा इनटेक व्हॉल्व्ह उघडा अडकला तर आग उलटी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या नळ्यांत शिरते, तिथे मिश्रण तयारच असतं, आणि अख्खा ब्लोअर हवेत उडतो. म्हणून तो अ‍ॅल्युमिनियमच्या स्टडवर बसवू लागले, म्हणजे स्टड तुटतील पण इंजिन सोबत फाटणार नाही. पुढे दाब जास्त झाला की फाटणारी झडप आणि ब्लोअरला बांधून ठेवणारे पट्टे आले.

स्टार्टर नसे. मागून पिकअप ट्रकने ढकलायचं, वेग आला की क्लच सोडायचा, ऑइलचा दाब चढलेला पाहायचा, मग इंधनाची झडप उघडायची आणि सर्वांत शेवटी मॅग्नेटो चालू. क्रम उलटला की पुन्हा तेच, सिलिंडरमध्ये साठलेलं द्रव. सुरुवातीच्या रेषेवर टायरखाली राळेची पूड टाकत, पकड यावी म्हणून.

एवढं असूनही विली बोर्श हा ड्रायव्हर एका हाताने गाडी चालवे, दुसऱ्या हाताने बॉडीची कड धरून. त्याची आणि अल 'माउसी' मार्सेलसची 'विंग्ड एक्सप्रेस' ही मॉडेल टी बॉडीची गाडी, ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठा पंख लावलेली. 1967मध्ये ताशी 200 मैल ओलांडणारी ती पहिली फ्युएल ऑल्टर्ड ठरली. पंख नुसत्या शोभेचा नव्हता. दीड चौरस मीटरचा बेताचा पंख ताशी 100 किलोमीटरला जेमतेम 35 किलोने दाबतो, पण ताशी 320ला साडेतीनशे किलोहून जास्त, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे सुटताना त्याचा उपयोग शून्य, आणि शेवटच्या शंभर मीटरांत तोच एक आधार. तो मागच्या आसाच्या मागे लावला तर पुढची चाकं उलट उचलतो, म्हणून जागा महत्त्वाची.

रिच ग्वास्कोची 'प्युअर हेल' बँटम बॉडीची, चालवायला डेल एमरी. हाच एमरी पुढे 'ब्लू मॅक्स' फनी कारचा मुख्य मेकॅनिक झाला आणि त्या गाडीने 1979, 80 आणि 81 अशी सलग तीन अजिंक्यपदं घेतली. सिलिंडर हेड कोरण्यात नाव कमावलेला जो मोंडेलो आणि ड्रायव्हर सुश मात्सुबारा यांची फियाट होती, हाफ कुटुंबाची 'नानूक' होती. पण 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात फायबरग्लासची पूर्ण बॉडी वर उचलता येणाऱ्या फनी कार आल्या. त्या लांब होत्या, सरळ जात, आणि बॉडी नव्या मोटारींसारखी दिसत असल्याने कंपन्यांचे पैसे त्यांच्याकडे गेले. ऑल्टर्डवाले बरेच तिकडे वळले.

आता यातल्या काही गाड्या पुन्हा उभ्या केल्या आहेत आणि कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डजवळच्या फामोसो इथे त्या पेटवल्या जातात. जुनी गाडी हाती घेणाऱ्याला आधी सांगाड्याच्या नळ्यांची जाडी तपासावी लागते, कारण गंज आतून खातो. मिथेनॉल पाणी शोषतं आणि मॅग्नेशियमचे भाग पोखरतं, म्हणून दिवस संपला की पंप आणि इंजेक्टर धुऊन तेल फिरवून ठेवायचे. ऑइलमध्ये इंधन उतरून ते दुधाळ होतं, ते दर धावेनंतर बदलायचं आणि बेअरिंगची वरची शेल काढून पाहायची: ती चेपली असेल तर टायमिंग जास्त आहे, म्हणजे ठिणगी फार आधी पडते आहे. आणि इंजिन पुन्हा सुरू करण्याआधी सगळे प्लग काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. प्लगच्या भोकातून इंधन उडालं तर इंजिन वाचलं.