कायटोसान

कोळंबी, खेकडा इत्यादींच्या कवचातील कायटीन या बहुशर्करेपासून (शर्करेच्या अनेक एककांच्या साखळीपासून) मिळणारे जैव बहुवारिक (पॉलिमर). टरफलांतील कॅल्शियम कार्बोनेट विरल हायड्रोक्लोरिक अम्लाने व प्रथिने विरल दाहक सोड्याने (सोडियम हायड्रॉक्साइडने) काढतात. उरलेले कायटीन सु. ४०–५० टक्के दाहक सोड्यात तापविले की बहुतेक ॲसिटिल गट निघून ॲमिनो (नायट्रोजनयुक्त) गट मोकळे होतात. कायटोसानचे महत्त्व या मोकळ्या गटांमुळेच आहे.

कायटीनच्या शोधाविषयी एकमत नाही. फ्रेंच रसायनज्ञ ब्राकोनो यांनी १८११ मध्ये अळंब्यांतून एक अविद्राव्य पदार्थ वेगळा केला. ऑदिए यांनी १८२३ मध्ये भुंगेऱ्याच्या पंखकवचातील पदार्थास अंगरखा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून कायटीन म्हटले; मात्र त्यातील नायट्रोजन त्यांना आढळला नाही. तो इंग्रज शास्त्रज्ञ चिल्ड्रन यांनी १८२४ मध्ये दाखविला, तरी काही ग्रंथ ते श्रेय लासेन्य यांना (१८४३) देतात. कायटोसानबाबतही असेच आहे. रूजे यांनी १८५९ मध्ये कायटीन तीव्र दाहक पोटॅशमध्ये उकळून अम्लात विरघळणारा पदार्थ मिळविला. होप-झायलर यांनी १८९४ मध्ये त्याला आजचे नाव दिले. शोध रूजे यांचा व नाव होप-झायलर यांचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

विरल ॲसिटिक अम्लात कायटोसान विरघळते. पीएच मूल्य (विद्रावाची अम्लता दर्शविणारा अंक; तो वाढला की अम्लता घटते) सु. ६·५ च्या वर गेले की ते साक्याच्या (अविद्राव्य घन पदार्थाच्या) रूपात बाहेर पडते. जैवसंवेदकांना (एंझाइमासारख्या जैव घटकाच्या साहाय्याने एखादा पदार्थ मोजणाऱ्या साधनांना) हा गुण फार उपयोगी पडतो. विद्रावातून वीज सोडली असता ऋणाग्राजवळ (कॅथोडजवळ) पीएच वाढत असल्याने तेथेच कायटोसानचा पातळ थर बसविता येतो; मेरिलंड विद्यापीठातील संशोधकांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी हे तंत्र विकसित केले. अशा थरात ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम अडकवून ग्लुकोज मोजतात. कायटोसान स्वतः वीज फारशी वाहत नाही. म्हणून त्यात सोन्याचे नॅनोकण किंवा कार्बन नॅनोनलिका मिसळतात.

जलशुद्धीकरणात ॲमिनो गट तांबे, पारा यांचे आयन धरून ठेवतात. आर्सेनिकसाठी मात्र लोहाच्या संयुगांची जोड घेणे इष्ट. मद्रास आयआयटीतील टी. प्रदीप व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ॲल्युमिनियम ऑक्सिहायड्रॉक्साइड व कायटोसान यांच्या जाळ्यात चांदीचे नॅनोकण बसविले. पाण्यातील जंतू मारण्यापुरते चांदीचे आयन त्यातून सावकाश सुटत राहतात. अम्लयुक्त सांडपाण्यात साधे कायटोसान विरघळून जाते. ते टाळण्यासाठी ग्लुटराल्डिहाइड या रसायनाने कायटोसानच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडतात, पण त्यात काही ॲमिनो गट खर्ची पडून धातू धरण्याची क्षमता घटते.